सातेरीचा कौल

पोरांचं कोर्ट हा प्रकार पद्मिनीबाई डोईफोडेंना मुळात पोरखेळच वाटत होता. गुन्हा केला तेही पोर, निवाडा करणारीही पोरं, आणि मोठ्या माणसांनी मात्र सतरंजीवर मांडी घालून, पाण्याचा तांब्या आपल्यापुढे येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. तांब्या ज्याच्यापुढे त्यानेच बोलायचं, अशी त्या पोरांची रीत. चिंचटाकळीच्या ग्रामपंचायतीत किशोर बैठक भरली तेव्हा त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या आणि मुद्दाम दाराजवळ बसल्या, म्हणजे वेळ आली तर उठून जायला बरं.

कायद्याला आता बरीच वर्षं झाली होती. अठराच्या आतल्या मुलाने चूक केली आणि ती कबूल केली, तर बाल न्याय मंडळ ते प्रकरण आधी गावच्या किशोर बैठकीकडे पाठवी. तिथे सगळे पंच शाळा-कॉलेजातले. त्यांतला निदान एक तरी पूर्वी त्याच सतरंजीवर चुकलेला म्हणून बसलेला असला पाहिजे, असा नियम होता. शिक्षा द्यायचा अधिकार पंचांना नव्हता. ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने ते केलं, त्यांना समोरासमोर बसवायचं आणि काय मोडलं, ते कसं सांधायचं, हे त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. जमलं तर करार व्हायचा. पण नुकसान झालेल्या माणसाने 'नाही' म्हटलं, तर प्रकरण परत मंडळाकडे जायचं आणि मूल जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात.

म्हणजे समोर मान खाली घालून बसलेल्या ईश्वरी नागरेचं पुढे काय होणार, ते पद्मिनीबाईंच्या एका शब्दावर होतं. आणि तो शब्द त्यांनी घरूनच ठरवून आणला होता.

चिंचटाकळी हे बियाण्यांचं गाव. बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला, जालन्याच्या शिवेवरची ही गावं कंपन्यांसाठी बी पिकवतात. मिरचीचं, काकडीचं, कांद्याचं. इथल्या माणसाला शेजाऱ्याच्या बांधाइतकीच त्याच्या पिकाच्या परागाची धास्ती. पांढऱ्या कांद्याच्या प्लॉटजवळ कुठे लाल कांदा फुलला आणि माशीने इकडचा पराग तिकडे नेला, की बी भेसळीचं निघतं, कंपनीच्या चाचणीत प्लॉट फेल जातो आणि त्या घराला पुन्हा कुणी प्लॉट देत नाही. ईश्वरीचा बाप भास्कर याचा पांढऱ्या कांद्याचा प्लॉट असाच फेल गेला. शिवारात लाल कांदा बियाण्याला कुणीच लावलेला नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, डोईफोडेबाईच्या मधमाश्यांनी लांबून पराग आणला असेल. दुसऱ्याने त्या 'असेल'चं 'आहे' केलं. थोड्याच दिवसांत ही गोष्ट अख्ख्या गावाला डोळ्यांनी पाहिल्यासारखी ठाऊक झाली.

आणि एका दिवेलागणीला ही सोळा वर्षांची पोरगी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पद्मिनीबाईंच्या परसात शिरली, आणि मधमाश्यांच्या एकेका पेटीच्या दाराशी नळी लावत गेली. शेवटच्या पेटीपाशी औषध संपलं, म्हणून ती एक वाचली. सकाळी पद्मिनीबाईंनी बाकीच्या पेट्यांसमोरून मेलेल्या माश्या सुपाने गोळा केल्या.

उभ्या गावाने त्यांना नुकसान किती झालं ते विचारलं. त्यांना लागलं होतं ते भलतंच होतं. ही ईश्वरी लहानपणी मधाच्या पोळ्याचा तुकडा चघळायला रोज त्यांच्या परसात यायची. लेक लग्न होऊन सिल्लोडला गेल्यावर त्या घरात दुसरं लेकरू असं हेच होतं. तांब्या पुढे आला तेव्हा पद्मिनीबाईंनी तेवढंच सांगितलं.

"दिवे लागले की सगळ्या माश्या घरी येतात, एकबी बाहेर राहत नाई, हे मीच शिकवलं होतं हिले. हिनं बरोबर ध्यानात ठेवलं."

तांब्या ईश्वरीपुढे गेला. मग ईश्वरीने माफी मागितली. शब्द सगळे बरोबर होते, पण पाठ केल्यासारखे आले. पद्मिनीबाई 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तोच पंचांची प्रमुख तय्यबा शेख हिने हळूच तांब्या उचलून घेतला. पहिल्या बैठकीत शेवटचा शब्द घ्यायचा नसतो, काकू, असं तिने सांगितलं. पद्मिनीबाई चरफडत घरी गेल्या.

पुढच्या बैठकीची वाट त्या बघत होत्या, पण मध्येच त्यांच्या माश्यांनी वेगळं काढलं. वाचलेली पेटी कांद्याच्या फुलोऱ्यावर बघता बघता भरली होती, आणि होळीच्या तोंडावर एका सकाळी तिच्यातली अर्धी वसाहत जुन्या राणीला घेऊन बाहेर पडली. ह्या सातेरी माश्या. गुणाने गरीब, पण मनाविरुद्ध झालं की घर सोडणाऱ्या. पद्मिनीबाईंनी त्यांना नव्या पेटीत घेतलं; त्या बाहेर आल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा बाहेर आल्या, आणि या वेळी थेट गावाबाहेरच्या विहिरीवर, शेवग्याच्या फांदीला जाऊन लटकल्या. डोळ्यांदेखत हातचं जायची वेळ आली. थवा एकदा डोंगराकडे उडाला की परत दिसत नाही, आणि एवढ्या मरणातून जे उरलं होतं त्यातलं अर्धं हेच होतं.

त्यांनी कृषी विद्यापीठातल्या वानखडे सरांना फोन लावला. हे सर गेली दोन वर्षं पेट्यांत बारीक यंत्रं बसवून माश्यांचं बोलणं टिपायला त्यांच्याकडे येत असत. बोलायला लागले की थांबत नसत, पण मनाने चांगले. ते दुपारी गाडी काढून आले. त्यांच्या आधी तिथे तय्यबा येऊन थांबली होती, कारण कुणीतरी थव्याला टेंभा लावायची भाषा केली होती आणि पंच पोरं विहिरीभोवती पहारा देत उभी होती.

तय्यबाचं म्हणणं एवढंच होतं, की थवा परत आणायचं काम सरांच्या हाताखाली ईश्वरीने करावं. पद्मिनीबाई फणकारल्या. त्या पोरीचा हात पुन्हा मह्या माश्यांना लागू द्यायचा नाही, असं त्यांनी चारचौघांत ऐकवलं. तय्यबाने वाद घातला नाही. तिने फक्त आपलं सांगितलं. नववीत असताना तिने वर्गातल्या एका मुलीचा खोटा व्हिडिओ बनवून पसरवला होता आणि त्याच सतरंजीवर बसली होती. माफी कितीही मागितली तरी ती मुलगी तिच्याकडे बघायची नाही. पुढे तय्यबाने घरोघर जाऊन, तो खोटा होता आणि मीच बनवला होता, असं सांगितलं, तेव्हा कुठे ती रस्त्यात भेटली की दोन शब्द बोलू लागली. "तोंडानं किती जरी म्हटलं ना काकू, समोरच्याला काही दिसत नाही," ती म्हणाली.

पद्मिनीबाईंनी मान हलवली ती थव्याकडे बघून. अट एकच घातली. थवा त्यांच्याच परसात, त्यांच्याच नव्या पेटीत परत आला पाहिजे.

वानखडे सरांच्या डबीत एक माशी होती. खरी नव्हे, केलेली. अंगाला मेण फासलेलं, पाठीवर केसाएवढी दांडी, आणि पंख असे की हलले तर खरी माशी गुणगुणल्यासारखा आवाज यावा. विद्यापीठातली पोरं तिला नाची म्हणत, आणि तिचं कामही तेच होतं. माश्या एकमेकींना जागा सांगतात ती नाचून, हे शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून माहीत होतं. उभ्या पोळ्यावर सरळ वर जाणारा नाच म्हणजे सूर्याच्या दिशेने चला. नाच जितका उजवीकडे कलेल, तितकं सूर्याच्या उजवीकडे. शेपूट थरथरवत जितका वेळ चालेल, तितकं अंतर. दिवसभर सूर्य सरकतो तशी तीच जागा सांगणारी माशी आपला कोनही सरकवत नेते, आणि ते तिला कुणी शिकवलेलं नसतं. नवं होतं ते इतकंच, की आता माणसाला तो नाच हातातल्या टॅबच्या पडद्यावर वाचता येत होता, आणि नाचीच्या तोंडून, म्हणजे अंगातून, बोलताही येत होतं.

पद्मिनीबाईंना एक शंका होती. राणीला सांगितलं म्हणजे झालं, बाकीच्या तिच्या मागे येतील, मग एवढा खटाटोप कशाला? राणीचा हुकूम चालतो असंच त्या जन्मभर धरून चालल्या होत्या. वानखडे सर हसले. राणी बिचारी मधोमध बसलेली असते आणि तिला कुणी विचारतही नाही, ते म्हणाले. घर शोधतात त्या टेहळ्या, म्हातारपणाला आलेल्या कामकरी माश्या. प्रत्येक जण एखादी जागा बघून येते आणि थव्याच्या पाठीवर नाचते. जागा चांगली तर जास्त फेरे, बरी तर थोडे. पण तिचा नाच बघितलेली दुसरी टेहळी तो तसाच पुढे नाचत नाही. ती आधी उडते, त्या जागी जाते, आत शिरून भिंतीभिंतीने चालून जागा मापते, आणि तिला स्वतःला पटलं तरच परत येऊन नाचते. कुणाच्याही शब्दावर कुणी विसंबत नाही. आणि आपल्या जागेचं कौतुक प्रत्येक जण हळूहळू आपण होऊन कमी करत जाते, म्हणून हट्ट कुणाचाच उरत नाही. शेवटी ज्या जागेवर पुरेशा टेहळ्या एका वेळी जमतात, ती ठरते.

"म्हणजे मालकच नाई कुणी?" पद्मिनीबाईंनी विचारलं. सरांनी मान हलवली. पद्मिनीबाई फांदीवरच्या त्या तपकिरी, हलत्या गोळ्याकडे नव्याने बघत राहिल्या. आपण इतकी वर्षं ज्यांना पाळलं असं समजत होतो, त्यांची आपल्याला धड ओळखही नव्हती, असं त्यांना वाटून गेलं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी अंगावर काटा आला.

ईश्वरीने काम चुपचाप केलं. आधी पद्मिनीबाईंच्या परसात जाऊन तिने पेटी मापली, दाराची रुंदी घेतली, उंची घेतली. परत येऊन पडद्यावर भरलं. किती फेरे नाचायचं, म्हणजे जागा किती चांगली म्हणून सांगायची, असं सरांनी विचारलं. तिने पद्मिनीबाईंकडे बघितलं. "पुरे फेरे लाव, सगळ्यात चांगली म्हण," त्या म्हणाल्या.

दांडी पुढे सरकली आणि नाची थव्याच्या पाठीवर टेकली. ईश्वरीने दांडी हात लांब करून धरली होती. माश्यांना ती आता भीत होती. नाची थरथरत तिरकी चालली, वळून आली, पुन्हा चालली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग एक माशी थांबली. मग तिच्या शेजारची. बघता बघता दहा-बारा माश्या नाचीच्या मागे, तिच्या अंगाला मिशा लावून, तिच्याबरोबर वळू लागल्या. एक उडाली. तिने विहिरीवर एक गिरकी घेतली आणि सरळ गावाकडे, पद्मिनीबाईंच्या परसाच्या रोखाने निघून गेली. तिच्या मागे दुसरी गेली, तिसरी गेली. गर्दीतल्या एका म्हातारीने हात जोडले. माणसाने सांगितलं आणि माशीला कळलं! पद्मिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

टेहळ्या परत आल्या. त्या थव्यावर उतरल्या, इकडे तिकडे चालल्या आणि गप्प बसल्या. एकही नाचली नाही. नाचीचे पुरे फेरे चालूच होते. शेवटी एक टेहळी आली आणि तिने नाचीच्या डोक्यावर डोकं आपटून बारीक बीप केलं. पुरे आता, असा त्याचा अर्थ, सरांनी सांगितलं. माश्यांत थांब म्हणायची तीच रीत.

का, ते कुणी सांगायची गरज नव्हती. परसात अजून औषधाचा वास होता. माणसाला येत नसेल, माशीला येत होता; जुनं घर त्यातही धरून ठेवता येतं, नवं कुणी मांडत नाही. पद्मिनीबाईंना मनातून हे माहीत होतं, तरी पुरे फेरे लाव म्हणून सांगितलं होतं. त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. ईश्वरीने टॅब खाली ठेवला आणि ती त्यांच्यापासून दूर, जमिनीवर बसली. आपण काय केलं ते तिला त्या घटकेला बैठकीतल्यापेक्षा जास्त कळलं असावं, कारण आता ती रडत होती आणि त्यातलं काही पाठ केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर नकाशा उघडला तेव्हा त्यावर टेहळ्यांच्या नाचांवरून निघालेल्या पाच-सहा रेघा होत्या. एक डोंगरातल्या कपारीकडे, एक पडक्या टाकीकडे, एक ओढ्यावरच्या उंबराकडे. ऊन वर चढलं तशी एकेक रेघ फिकट होत गेली. कालपर्यंत उंबरासाठी नाचणाऱ्या माश्या थांबल्या, काही नव्या जागी बघायला गेल्या आणि येऊन त्या जागेसाठी नाचू लागल्या. भांडण नाही, मारामारी नाही. एकच रेघ जाड होत चालली होती, आणि ती डोंगराकडे नव्हती, गावात होती. सरांनी नकाशा मोठा केला. पीठगिरणीच्या मागचं शेवटचं घर. भास्कर नागरेचं.

गावाला आणखी काय हवं होतं. माश्यांनी चोर दाखवला, ही बातमी विहिरीवरून निघाली आणि चहा होईपर्यंत सगळीकडे पोचली. माश्यांना चोर-साव कळत नाही, त्या पोकळी बघतात, दाराचं तोंड बघतात, उंची बघतात, असं सर जीव तोडून सांगत होते. कुणी ऐकेना. खरं सांगायचं तर पद्मिनीबाईंनाही गावाचं म्हणणंच गोड लागत होतं.

भास्कर धावतपळत आला. त्याला राग होता, आणि त्याहून जास्त लाज. उद्या बारकी पोरं घराकडे बोट दाखवतील, हे थांबवा, तो म्हणाला. थांबवता येत होतं. नाचीला ते डोकं आपटणं शिकवलेलं होतं. नागऱ्यांच्या घरासाठी नाचणाऱ्या प्रत्येक टेहळीला ती गप्प करू शकली असती. मात्र थवा पद्मिनीबाईंचा, तेव्हा त्यांनी हो म्हटल्याशिवाय सर हात लावणार नव्हते.

पद्मिनीबाईंना आयती संधी होती. आपल्या माश्या त्या घरात नांदाव्यात हे त्यांना कुठे सोसत होतं? त्या 'करा' म्हणणार होत्या. पण तोंडावर आलेला शब्द अडला. समोर फांदीवर एक टेहळी नाचून थांबली होती आणि तिचा नाच बघितलेली दुसरी, तिच्यावर विश्वास न ठेवता, स्वतः बघायला निघाली होती.

"आधी मी बघून येते," त्या म्हणाल्या. "चाल गं, दाखव तुहं घर."

नागऱ्यांच्या घराला पश्चिमेकडे जुनी मातीची जाड भिंत होती. तिच्या आत पूर्वी धान्याची कणगी होती, ती काढल्यावर पुढून लिंपून घेतलेली. मध्ये पोकळी तशीच राहिली होती. बाहेरून अंगठा जाईल एवढं भोक. भोकाशी टेहळ्यांची ये-जा चालू होती. पद्मिनीबाईंनी उंची बघितली, सावली बघितली, भिंतीवर बुक्की मारून आतली पोकळी ऐकली. नाव ठेवायला काही सापडेना. आपण शोधून हिच्याहून चांगली जागा काढू शकलो नसतो, हे त्यांना कबूल करावं लागलं.

मग त्या घराच्या मागे गेल्या आणि मोरीपाशी थांबल्या. सांडपाण्याच्या ओलीवर कांदे उभे होते. घरात कोंब आलेला कांदा फेकायचा नाही, मोरीवर खोचायचा, भाकरीबरोबर पात मिळते. हे घरोघर चालतं आणि त्याला कुणी शेती म्हणत नाही. बियाण्याचा प्लॉट लावताना दूरदूरच्या शिवारात लाल कांदा आहे का म्हणून हिंडून बघणारा माणूस आपल्या मोरीकडे बघत नाही. ह्या कांद्यांची पात खायची राहून गेली होती. त्यांना गोंडे आले होते, आणि गोंडे पूर्ण फुलले होते. मातीतून अर्धवट वर आलेल्या कांद्यांची साल लालभडक होती. त्यांच्यापलीकडे, फार लांब नाही, भास्करचं रान दिसत होतं.

"मागल्या साली होते का हे?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"मीच खोचते," ईश्वरी म्हणाली, आणि वाक्य पुरं व्हायच्या आधीच तिला कळलं. तिने गोंड्यांकडे बघितलं, मग रानाकडे. एक आग्या माशी येऊन एका गोंड्यावर बसली, हुंदडून रानाकडे उडून गेली. ती जंगली, कुणाच्या पेटीत राहणारी नव्हती.

पद्मिनीबाईंच्या हातात आता सगळं होतं. विहिरीवर जाऊन चारचौघांत दोन वाक्यं बोलली असती, तर बापलेकीला गावात तोंड वर काढता आलं नसतं. हे कळल्यावर बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण नाही वाटलं. समोरची पोर भिंतीला टेकून उभी होती. परत जाताना पद्मिनीबाई पुढे चालल्या आणि मागे वळून बघितलं नाही, एवढंच.

तय्यबाने बैठक विहिरीवरच, शेवग्याच्या सावलीत बसवली. तांब्या आधी पद्मिनीबाईंपुढे यायचा होता, पण ईश्वरीने तो मागितला. तांब्या तिच्यासमोर ठेवला गेला. मग ती बोलली, आणि खाली बघून नाही.

"लाल कांदा आमच्याच मोरीवर होता. मागच्या साली पण होता. मी खोचलेला. आत्ता काकू बघून आल्या, मी पण बघितला."

भास्कर उठला. गप बस, म्हणाला. त्याच्यापुढे तांब्या नाही, याची तय्यबाने हात वर करून आठवण दिली. तो उभाच राहिला.

"प्लॉट ह्यानंच फेल गेला का, ते मला ठामपणे नाई सांगता येणार," ईश्वरी म्हणाली. "पण काकूच्या माश्यांनी फेल केला हे पण मला माहीत नव्हतं. मी ऐकलं होतं. बघायला नव्हते गेले. त्या इवल्याशा माश्या बघितल्याशिवाय शेजारणीचं पण ऐकत नाईत, आणि मी... मी एवढं मारलं." तिने तांब्यावर हात ठेवला. "बाबा म्हणतात माश्यांना थांबवा. मी नाई थांबवणार. त्यांनी येऊन बघितलंय. ती भिंत त्यांना राहू द्यायची, मी सांभाळीन. आणि काकूनं मला तिकडं जिल्ह्याला पाठवलं, तर बाबा, तुम्ही ते भोक बुजवू नका. एवढंच."

तिने स्वतःच तांब्या उचलून पद्मिनीबाईंपुढे ठेवला. भास्कर खाली बसला.

पद्मिनीबाईंनी घरून ठरवून आणलेला शब्द अजून त्यांच्याजवळ होता. त्यांनी तो आत चाचपून बघितला. सुपाने गोळा केलेल्या माश्या त्यांना दिसल्या, आणि त्याच परसात मधाने हात चिकट करून बसलेलं लेकरूही दिसलं. दोन्ही खरं होतं. माफ झालं का, तर नाही. ते आज होणार नव्हतं, कदाचित वर्षभर होणार नव्हतं. पण ही पोर बघून आली होती, आणि जे दिसलं ते स्वतःच्या विरुद्ध जात असताना तिने तसंच्या तसं येऊन सांगितलं होतं. असं करणारं माणूस त्यांनी आपल्या आयुष्यात फार थोडं बघितलं होतं.

"माफ केलं असं मी म्हणत नाई," त्या म्हणाल्या. "पण हिले कुठं धाडू नका. महं हो आहे. आणि मी रोज येईन त्या भिंतीपाशी. सांगितलेलं नाई ऐकणार, बघायलेच येईन."

करारात काय लिहायचं ते पोरं आपसात बोलत होती, तेवढ्यात फांदीवरून बारीक, किनरा आवाज यायला लागला. वानखडे सरांनी बोलता बोलता एकदम हात वर केला. त्या दिवसात पहिल्यांदाच ते गप्प झाले. भिंतीपाशी पुरेशा टेहळ्या जमल्या होत्या, ठरलं होतं, आणि आता त्या थव्यात घुसून एकेकीला अंग लावून जागं करत होत्या. पंख तापवा, निघायचंय. आवाज वाढत गेला. फांदीवरचा गोळा वितळल्यासारखा ढिला झाला, आणि पुढच्या क्षणी फांदी रिकामी होती आणि आभाळ भरलेलं होतं.

हजारो माश्या माणसांच्या डोक्यांवर गरगरत होत्या. लोक जिथे होते तिथे खाली बसले. कुणी पळालं नाही, कुणाला एकीनेही डंख केला नाही. त्या ढगातून काही माश्या सुसाट सरळ रेषेत पुढे जात, पुन्हा मागे येत, पुन्हा पुढे जात. वाट माहीत असलेल्या टेहळ्या माहीत नसलेल्यांना दिशा दाखवत होत्या. ढग हलला. विहिरीवरून, गिरणीच्या पत्र्यावरून, गल्लीतून तो माणसाच्या चालीने निघाला, आणि त्याच्या खालून अख्खं गाव मान वर करून चालत गेलं. पद्मिनीबाईंनी आयुष्यात असंख्य थवे बघितले होते. पण हुकूम देणारं कुणी नसताना, राणीसकट सगळं घरदार एका मताने चाललंय, हे ठाऊक असून बघण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या छातीत काहीतरी इतकं मोठं भरून आलं की त्यांना चालता चालता ईश्वरीचा खांदा धरावा लागला. आपण कुणाचा खांदा धरलाय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, तरी त्यांनी तो सोडला नाही.

नागऱ्यांच्या भिंतीवर ढग उतरला. अंगठ्याएवढ्या भोकातून सगळ्या जणी, घाई न करता, आत गेल्या. शेवटची आत गेल्यावर गल्ली इतकी शांत झाली की गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकू आला.

ईश्वरीने आत घरात जाऊन लिंपलेल्या भिंतीला कान लावला आणि पद्मिनीबाईंना खुणेने बोलावलं. त्यांनीही लावला. आत गुंजारव होता; अख्खी भिंत बारीक थरथरत होती. दोघी तशाच उभ्या असताना भास्कर उंबऱ्यात आला. चपला काढून आत आला आणि त्यानेही, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून, भिंतीला कान टेकला. त्याचं तोंड हळूहळू लहान मुलासारखं झालं.

दाराबाहेर गाव जमलं होतं. आत काय चाललंय, माश्या काय म्हणतात, असं मागचे पुढच्यांना विचारत होते, आणि पुढचे काहीतरी सांगतही होते. पद्मिनीबाई भिंतीपासून बाजूला झाल्या आणि त्यांनी दार पुरं उघडलं.

"एकेक जण आत या," त्या म्हणाल्या. "सोताच्या कानानं ऐका, आणि मंग काय ते बोला."

विहिरीवर हात जोडणाऱ्या म्हातारीला त्यांनी आधी घेतलं.